न मागता मागितलेला खंजीर

तुमच्या घरी आलेला पाहुणा भिंतीवरच्या एखाद्या वस्तूकडे बराच वेळ बघत राहिला, तर तुम्ही काय समजता? त्याला ती आवडली, की त्याला ती हवी आहे?

मी दुसरंच समजते. स्वभाव माझा नाही, घराचा आहे. आमच्या रत्नागिरीच्या घरात ज्या पातेल्यात पोस्टरं चिकटवायची खळ शिजायची, तेच पातेलं घासूनपुसून आई दूध तापवायला घ्यायची. बाबा पत्रकं लिहायचे, आई ती दारोदार वाटायची, आणि मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघावं, हे मला बडबडगीतांच्या आधी पाठ होतं.

अशा मुलीने आखातात जाऊन पर्यटकांच्या गाडीत बसावं, हे बाबांना पटलं नाही. पण दादा सलालाहच्या बंदरात नोकरीला होता, वहिनीचे दिवस भरत आले होते. मदतीला म्हणून गेले आणि राहिले. शेजारणींशी बोलताबोलता कामापुरती अरबी आली, आणि एका लहानशा टूर कंपनीत पाहुण्यांबरोबर हिंडायचं काम मिळालं. अमेरिका आणि ब्रिटन इराकमध्ये घुसले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

आमच्याकडे मुख्यतः तेच दोघे यायचे, इंग्रज आणि अमेरिकन. मी दोघांकडेही सारख्याच संशयाने बघायचे, पण संशयाची कारणं वेगळी होती. अमेरिकन गाडीत बसायच्या आधीच विचारायचा, "इथे सुरक्षित आहे ना?" त्या वर्षी कित्येकांच्या पाठपिशवीवर कॅनडाचा झेंडा शिवलेला असायचा. मग दिवसभर प्रश्न. नाव काय, घरी कोण कोण, पगार पुरतो का, आणि सरतेशेवटी हमखास, "तुम्हा लोकांना आमच्याबद्दल काय वाटतं?" बॉम्ब टाकून झाल्यावरही आपण आवडावं, ही त्यांची हौस मला कळायची नाही.

इंग्रज काही विचारायचाच नाही. तो सांगायचा. हा रस्ता पूर्वी नव्हता, ही वस्ती पूर्वी अशी बिघडलेली नव्हती, खरी माणसं आता डोंगरातच उरली आहेत. जणू देश त्याने ठेवायला दिला होता आणि आम्ही तो नीट सांभाळला नाही. वहिनी म्हणायची, "सगळे तसे नसतात गं. माणूस बघून बोलावं." मी माणूस बघूनच बोलत होते.

त्या दिवशी गाडीत तिघं होती. एक म्हातारा इंग्रज, एकटाच आलेला. तरुणपणी इथल्याच, सलालाहमागच्या धोफारच्या डोंगरातल्या लढाईत तो अधिकारी होता आणि त्याची अरबी माझ्याहून चांगली होती. दुसरं एक अमेरिकन जोडपं, निवृत्त शिक्षक. चालवायला आमचे चाचा, मूळचे राजापूरचे. आम्ही किनाऱ्यावरच्या मिरबात गावाला निघालो होतो. तिथे एका म्हाताऱ्या माजी मच्छीमाराच्या बैठकीत आमच्या पाहुण्यांना कॉफी आणि खजूर मिळायचे. कंपनीने त्याला पैसे देऊ केले होते. त्याने ते हसून परत केले होते.

वाटेत धुक्यातून उंट आडवे आले, गाडी थांबली, आणि इंग्रजाने अमेरिकनांना धडा दिला. "अरबाच्या घरात कशाचंही जास्त कौतुक करू नका. केलंत तर तो म्हणेल, तुझंच आहे, घेऊन जा. तेव्हा घ्यायचं नसतं. 'अल्ला तुझ्याच घरी त्याची बरकत ठेवो,' असं म्हणायचं. तो पुन्हा म्हणेल. तुम्ही पुन्हा तेच म्हणायचं. हा खेळ आहे, आणि तो दोघांनीही खेळायचा असतो."

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडेही घरधनी 'आणखी एक घ्या' म्हणतो आणि पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. पहिल्याच आग्रहाला ताट पुढे करणाऱ्याबद्दल नंतर गावभर बोललं जातं.

अमेरिकन बाई घाबरली. "म्हणजे मी काही बोलूच नको?"

"बोल ना. हवेबद्दल बोल," तिचा नवरा म्हणाला. चाचाही हसले.

घरी पोचल्यावर पुरुष बैठकीत बसले आणि मी अमेरिकन बाईला घेऊन आत बायकांच्या खोलीत गेले. ती बिचारी हात मांडीवर घट्ट धरून बसली, नजर छताकडे. घरची आजी मात्र खुशीत होती. नातू सोहारला पोलादाच्या कारखान्यात तंत्रज्ञ होता आणि पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. "बाहेर खंजीर टांगलाय, पाहिलास ना?" तिने मला विचारलं. "चांदी उजळून आणलीय. माझ्या सासऱ्याने लग्नात कमरेला लावला, मग नवऱ्याने, मग लेकाने." लेक समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. "आता त्याचा पोरगा लावील. तेवढं बघायचंय मला."

मी बैठकीत परतले तेव्हा इंग्रज उभा होता, त्या खंजिरासमोर. मुठीवरच्या नक्षीचं कौतुक चाललं होतं. यजमान म्हणाला, "काही नाही, जुना आहे." इंग्रज म्हणाला, इतक्या वर्षांत असं काम मी धोफारमध्ये कुठेच पाहिलं नाही. यजमानाने कॉफीचा पेला त्याच्यापुढे केला. इंग्रज तिसऱ्यांदा बोलला. तेव्हा म्हाताऱ्याने उठून खंजीर भिंतीवरून काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "तुझाच आहे."

मी वाट बघत होते. तासाभरापूर्वी आम्हाला शिकवलेलं वाक्य आता तो म्हणणार.

त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली, आणि सुरेख अरबीत म्हणाला, "तुझ्या दारातून रिकाम्या हाताने जाणं म्हणजे तुझा अपमान करणं."

अमेरिकनाला शब्द कळले नाहीत, पण हात दिसले. "अहो थांबा, नाही म्हणायचं असतं ना? तुम्हीच सांगितलंत!"

"आता नाही म्हटलं तर म्हातारा दुखावेल," इंग्रज इंग्रजीत म्हणाला. "तुम्हाला नाही कळायचं ते."

अमेरिकनाने पाकीट काढलं. "मग मी याला नवा घेऊन देतो. विचार ना याला, केवढ्याला मिळतो?"

मी ते अरबीत सांगितलं नाही. पण पाकिटाला दुभाषी लागत नाही. यजमानाने ते बघितलं आणि नजर वळवली. मी सरळ त्यालाच म्हणाले, इंग्रजाला ऐकू जाईल अशा बेताने, "आजोबा, हा नवरदेवाचा खंजीर आहे. पाहुण्याला ते ठाऊक नाही."

मी इंग्रजाला दार उघडून देत होते. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की अरे, मला माहीत नव्हतं.

यजमान म्हणाला, "बेटी, पाहुण्याला ठाऊक असायची गरज नाही. मला ठाऊक आहे, तेवढं पुरे."

आणि इंग्रजाने काय केलं? त्याने लग्नाबद्दल यजमानाचं अभिनंदन केलं. मबरूक म्हणाला, आणि खंजीर गळ्यातल्या उपरण्यात गुंडाळला.

गाडीत मी त्याला विचारलं, "परत देणार ना?"

"मुली, तू जन्मायच्या आधीपासून मी या लोकांना ओळखतो," तो म्हणाला. "माझ्या घरी अशा वस्तूंची अख्खी भिंत आहे. प्रत्येकीची कहाणी मला पाठ आहे." त्याच्या आवाजात लाज नव्हती. खरोखरचं प्रेम होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

चाचांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि आपल्या बोलीत म्हणाले, "गप र्‍हा बाय. अर्बाबला सांगशील तर तुलाच काढील. गिऱ्हाईक हाय तो."

"गिऱ्हाईक आहे म्हणून काय दरोडा घालील?"

"त्याने कुठं घातला? म्हाताऱ्याने आपल्या हाताने दिला ना? खलास."

हॉटेलच्या दारात अमेरिकन खाली उतरून मुद्दाम माझ्याकडे आला. "आम्ही तसे नाही, हे त्यांना सांगशील ना?"

"तसे म्हणजे कसे?" मी विचारलं. बायकोने हाक मारली तसा तो गेला. आपलं मन स्वच्छ आहे याची पावती त्याला त्या घरातूनच हवी होती. तेही एक प्रकारचं घेणंच.

मी अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, सांगितलं. त्याने मला काढलं नाही. "भेट आहे, आपला काय संबंध?" म्हणाला आणि पुढच्या आठवड्यातली मिरबातची फेरी माझ्या हातात दिली. मी गेले नाही. लग्नानंतर मात्र चाचांबरोबर मुबारकी द्यायला गेले, पाहुणे न घेता. नातवाने बाजारातून आणलेला खंजीर लावला होता. चकचकीत होता, कुणी नावं ठेवली नव्हती. आजीने कॉफी ओतली. निघताना माझा हात धरून एवढंच म्हणाली, "तू ये. त्यांना आणू नकोस."

त्यानंतर कुठल्याही कंपनीच्या पाहुण्यांसाठी ती बैठक उघडली नाही.

मला इंग्रजांचा आणि अमेरिकनांचा हिशेब मांडून थांबता आलं असतं. एकाला रीत माहीत असते आणि तो तिचीच आकडी करून दुसऱ्याच्या झाडाचं फळ ओढतो. दुसऱ्याला रीत माहीत नसते आणि माहीत नसणं हाच तो आपला चांगुलपणा समजतो. पण आता आपणही प्रवासी झालो आहोत. आपल्याही गटांच्या बसेस परक्या गावांत उभ्या राहतात, आणि 'किती भोळी माणसं हो, देऊनच टाकलं!' हे मी शुद्ध मराठीत ऐकलं आहे.

म्हणून एक करा. आजच दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडा. परक्याच्या घरातून प्रेमाने मिळाली असं तुम्ही सांगत आलात, ती वस्तू बाहेर काढा. देणाऱ्याला फोन करा, नाहीतर त्या बाजूला जाणाऱ्या कुणाबरोबर निरोप पाठवा, आणि विचारा, ही घरात कुणासाठी ठेवली होती? उत्तर देताना तो क्षणभर जरी अडखळला, तरी ती परत पोचवा.