'बघू' म्हणजे काय

आमच्या गल्लीतले टेलरमास्तर कुणाला कधी 'नाही' म्हणाले नाहीत. काहीही मागा, तोंडात टाचण्या धरून ते म्हणणार, "बघू." माझी एक पँट त्या 'बघू'त महिनाभर अडकली होती, म्हणून मला चांगलं ठाऊक.

त्यांच्या सातवीतल्या मुलीला शाळेने सांगितलं, संशोधनाचा विषय तूच निवड आणि उत्तरही तूच शोध. तिने निवडलं 'बघू'.

ती सगळ्यांसमोर बोलायला उभी राहिली, त्या दिवशी मास्तर गळ्यातली टेप तशीच घेऊन शाळेत गेले. त्यांनी बाईंना हळूच विचारलं, "पुस्तकात याचं बरोबर उत्तर काय दिलंय?"

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या. मास्तर आणखीच गोंधळले.

मुलगी सांगत होती, "बाबा गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणाले की काम उशिरा का होईना, होतं. घरी म्हणाले की होत नाही. आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच असतो. असं का, ते मला सापडलं नाही."

टाळ्या पडल्या. वाजवाव्यात की नाही ते न कळून मास्तरांनीही वाजवल्या.

घरी जाताना ते म्हणाले, "अगं, मी तर दर वेळी होच म्हणत होतो. तुझं काय राहिलं?"

"फ्रॉक. दुसरीत असताना माप घेतलं होतंत."

मास्तरांचा हात टेपकडे गेला. "चल, आज नवीन माप घेतो."

"बघू," ती म्हणाली.

हे 'बघू' दुकानातलं की घरातलं, मास्तरांना काही केल्या ओळखता येईना.