धावड्याची ओली फांदी

हे मी पत्नीलाही सांगितलेले नाही. सात वर्षे झाली. आत्ता लिहितानाही दाराची कडी वाजली की हात कागदावर जातो — घरात कोण वाचणार आहे? तरीही जातो.

मी चिखलीच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. माझ्या प्रबंधाचा विषय होता जळाऊ लाकडाची आयात — श्रीमंत देशांची आणि गरीब देशांची तुलना. श्रीमंत देश भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्या जहाजांनी मागवतात. त्यांवर घरे उबदार ठेवतात, वीजही करतात. गरीब देशांच्या रकान्यात आयात जवळजवळ नाहीच. मग तिथे लाकूड जळत नाही का? जळते, पण ते डोक्यावरून घरी येते, सरहद्द ओलांडत नाही, म्हणून आयातीच्या तक्त्यात त्याला जागाच नाही. एवढे दाखवायचे होते मला. या मुद्द्याचा मला फार अभिमान होता.

त्यासाठी धाडजवळच्या एका वस्तीतल्या कौसाबाईंबरोबर मी दर रविवारी डोंगरात जात असे. त्यांची मोळी काट्याला लावायची, वजन लिहून घ्यायचे. एकदा त्यांना जहाजांविषयी सांगितले, तर त्या चालता चालता थांबल्याच. "चुलीसाठी जहाज? काऊन, त्याईच्या घरी बाया नाईत काय?" — आणि स्वतःच खळखळून हसल्या.

वस्तीतल्या बायकांचा एक नेम होता. पडलेले, वाळलेले लाकूडच उचलायचे. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. वनरक्षकही मग वाळल्या मोळीकडे पाहून न पाहिल्यासारखे करायचा. कुठे लिहिलेले नव्हते, पण दोन्ही बाजू पाळत होत्या. आणि मला — इथे माझी लेखणी अडते — मला हे ठाऊक होते.

शेवटच्या रविवारी मला छायाचित्र हवे झाले. डोक्यावरच्या मोळीची छायाचित्रे सगळ्यांकडे असतात; मला झाडावर पडणारी कुऱ्हाड हवी होती.

"नाई सर, वली फांदी आमी तोडत नाई. बाकीच्या बाया काय म्हनतीन मले?"

"फोटोपुरती एकच," मी म्हणालो. "मी आहे ना."

त्यांनी धावड्याची फांदी तोडली. तो आवाज केवढा घुमला! मी कॅमेरा पिशवीत ठेवतो न ठेवतो तोच वनरक्षक चढण चढून वर आला. फांदीच्या तुटल्या टोकाला अजून ओल होती. त्याने माझ्याकडे पाहिले.

"सर, हे बाई तुमच्यासंगं हाय काय?"

जंगलात जाण्याची परवानगी मी काढलेली नव्हती. महिनाभरात प्रबंध सादर करायचा होता. नोकरी होती. पण हे सगळे मला नंतर सुचले.

"नाही," मी म्हणालो. "मी फिरायला आलो होतो."

कौसाबाई ओरडल्या असत्या तर? मी काय केले असते? त्यांनी पदर सारखा केला आणि त्या वनरक्षकामागून डोंगर उतरू लागल्या.

कुऱ्हाड जप्त झाली. खटला बुलढाण्यात सुरू झाला आणि अजून चालू आहे. वस्तीतल्या सगळ्याच बायकांना ती वाट बंद झाली. आता त्या लांबच्या उतारावरून जातात. ते छायाचित्र माझ्या प्रबंधात आहे. त्यात चेहरा दिसत नाही — तसेच मी निवडले. ते न्यायालयात ठेवले, 'मीच तोडायला लावली' एवढे म्हटले, तरी कौसाबाईंचे ओझे हलके होईल. मी म्हटलेले नाही. अनोळखी क्रमांकावरून फोन आला की मला वाटते, त्यांनी माझे नाव घेतले. त्या घेत नाहीत. याची तर मला अधिकच भीती वाटते.

मागच्या महिन्यात धाडच्या थांब्यावर त्या दिसल्या. हातात कापडी पिशवी, तीत खटल्याचे कागद. मला पाहून जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, त्या दिसापायी तुमाले काई तरास तं नाई ना झाला? मी कोनाले बोलली नाई."

"नाही," मी म्हणालो.

बुलढाण्याची एस.टी. आली. त्या चढल्या. मलाही बुलढाण्यालाच जायचे होते. मी ती गाडी सोडली.