कॅटलचं कूळ

मराठी शाळेतली तीन मुलं इंग्रजीच्या एम.ए.ला एका बाकावर बसली की किस्से शोधावे लागत नाहीत. हसायला टपलेले लोक ते रोज घरपोच देतात! आमच्या बाकावर मी, चितेगावचा प्रतीक आणि वेरूळजवळच्या वस्तीवरची सुनीता. सुनीताच्या घरी मेंढ्या.

*

सरांनी प्रकल्पासाठी प्रत्येकाला एक इंग्रजी शब्द मुळापर्यंत शोधायला सांगितला. सुनीताकडं बघून म्हणाले, "तू सोपं घे. गुरं-मेंढ्या वगैरे. झेपेल ते."

"व्हय सर. कॅटल घेते."

मला इतका राग आला! ती मात्र वहीत शब्द लिहून मोकळी.

*

ग्रंथालयात लॅटिनचा जाडजूड कोश कुलपात होता. "तुम्हाला काय करायचाय?" तिथल्या बाई म्हणाल्या. सुनीता कपाटाला टेकून जमिनीवर बसली. तीन दिवस! चौथ्या दिवशी बाईंनी स्वतःच कोश काढून टेबलावर आपटला.

"घे बाई, पण वाटेतून ऊठ!"

*

मूळ निघालं लॅटिन 'कापुट', म्हणजे डोकं. त्यावरून 'कापिताले', म्हणजे मालमत्ता. फ्रान्समध्ये त्याचं 'कातेल' झालं, इंग्लंडात 'कॅटल'. आधी सगळीच मालमत्ता, नंतर नुसती जनावरं. सुनीतानं कौतुकानं वडिलांना फोन लावून हे सांगितलं. स्पीकर चालू होता.

"डोकी किती हायेत, यावरच तर आपली दौलत ठरती," वडील म्हणाले. "फी घेऊन हेच शिकवतेत व्हय?"

*

वर्गात तिनं 'कातेल' म्हटल्यावर सर हसले. "फ्रेंच लोक असं बोलतात?"

"सर, तुमी फ्रान्सला गेलते का कधी?"

"नाही."

"मग दोघंबी अंदाजानंच बोलू!"

*

सरांच्या सहीशिवाय प्रकल्प जमा होत नव्हता आणि प्रकल्पाशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. सुनीताच्या संदर्भयादीत दोन कोश होते आणि त्यांच्याखाली वडिलांचं नाव. पुढं लिहिलं होतं, 'मेंढपाळ, फोनवरून'.

सर भडकले. "लॅटिन कोशाच्या पंगतीला मेंढपाळ? एक नाव खोडल्याशिवाय सही मिळणार नाही!"

"खोड की गं," प्रतीक कुजबुजला. "आख्खं वरीस जाईल."

सुनीतानं पेन मागितलं. सरांनी स्वतःचं दिलं. तिनं पहिलं पान उघडलं, 'मार्गदर्शक' या शब्दापुढच्या नावावर सरळ रेघ मारली आणि पेन परत केलं.

"खोडलं सर. करा सही."