घाम वाळायच्या आत गणित

आमच्या आक्का खो-खोच्या सरावात नुसता खो देऊच देत नसत. खो देणारीने आधी प्रश्न विचारायचा, बसलेलीने उत्तर दिलं तरच उठून धावायचं. "त्रिकोणाच्या कोनांची बेरीज? एकशे ऐंशी? मग खो!" जामनेरला आमच्या शाळेच्या मैदानावर हा प्रकार चाले आणि रस्त्याने जाणारे सायकलवाले पाय टेकून बघत राहत. कुणी हसलं, की आक्का त्यालाच पुढचा प्रश्न विचारत. तो निमूट पायडल मारायला लागे.

आक्का आमच्या खेळाच्या बाई. माहेर धुळ्याकडचं. वर्गात शुद्ध बोलत, पण चिडल्या की थेट तिकडच्या अहिराणीत. सराव संपला तरी सोडत नसत. पाय धुवायचे, पाणी प्यायचं आणि तिथेच ओट्यावर अर्धा तास गणित. "घाम वाळायच्या आत गणित," हा त्यांचा हुकूम. घरी गेल्यावर पोरींच्या वाट्याला चूल आणि भांडी येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "इतिहास भाकरी थापताना पाठ करा, त्याला वही लागत नाही," म्हणायच्या.

तरीही दहावीच्या सहामाहीत मी बीजगणितात आपटले. हेडसरांनी दहावीच्या मुलींचं मैदान बंद केलं. माझे वडील, नाना, त्यांच्याही पुढे गेले. बोर्डात नापास झाली तर उन्हाळ्यात लग्न, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का आमच्या दारात.

"नाना, पोर नापास व्हयनी ती मनी चूक शे, खेळनी नही."

"चूक तुमची, तर मंग आता काय करता, आक्का?"

"खेळबी चालू राही, अभ्यासबी. बोर्डात नापास व्हयनी तर मी नोकरी सोडसू."

आक्कांनी शाळेत जाऊन हेडसरांनाही तेच ऐकवलं, आणि मी पुन्हा संघात आले.

पुढे धुळ्याला सामना होता. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने मागे. माझ्या पाठीवर थाप पडली, "खो!" आणि मी बसूनच राहिले. प्रश्न कुठाय, म्हणून वाट बघत! पळणारी निसटली, आम्ही एका गुणाने हरलो. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

हेडसरांनी सगळ्या शिक्षकांसमोर आक्कांना सुनावलं, "झालं? ना खेळ, ना अभ्यास." त्यांचा तो सूर आठवला की माझं डोकं अजून फिरतं. आक्का ताडकन म्हणाल्या, "पद्धत माझी चुकली, सर. पोरी चुकल्या नाहीत." त्याच संध्याकाळी त्यांनी नियम फिरवला. खो मिळाला की आधी उठून धावायचं आणि धावता धावता उत्तर द्यायचं. बोर्डाच्या आदल्या आठवड्यापर्यंत आम्ही धापा टाकत समीकरणं सोडवत होतो.

बीजगणितात बावन्न मिळाले. नाना मला घेऊन पेढ्यांचा पुडा द्यायला आक्कांकडे गेले. आक्कांनी दोरासुद्धा सोडला नाही. पुडा नानांच्या हातात परत ठेवला.

"पहिले अकरावीना फॉर्म आना. मंग खासू."

नाना चाचरले. "तसं नाही, आक्का. पुढच्या आठवड्यात तिले पाहाले पाहुणे येऊन राह्यले."

पास झाले तरी माझं लग्न ठरत होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"येऊ द्या," आक्का म्हणाल्या. "चहा पाजा त्यासले. पोर कॉलेजले गयेल व्हई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने नाना जळगावला फॉर्म आणायला गेले.