भिंत खाणारी भागू आणि बुवांचा विळा

विळा लाल झाला होता. सात वर्षांच्या भागूला चौघांनी बाजेवर दाबून धरलं होतं.

निजामी अमलाची शेवटची वर्षं. मी सरकारी डॉक्टर, निलंग्याहून या खेड्यात देवीची लस टोचायला आलेलो.

"थांबा!" मी ओरडलो. त्या आवाजानं पार औशाचे बैल दचकले असतील.

भागूचा बाप किसनराव म्हणाला, "साब, पोरगी भित खाऊन राहिलीय. मारलं, भितीला मिरची लावली, तीबी चाटली. आता डागल्याबिगर इलाज न्हाई."

भिंत पाहिली. ती एवढी खाल्ली होती की शेजारचं भांडण नुसतं ऐकू येत नव्हतं, दिसतही होतं. भागूची पापणी खाली ओढली. आत लाली नाहीच, धुतलेलं धोतर. छातीला स्टेथोस्कोप लावला. काळीज टांग्याच्या घोड्यासारखं उधळलेलं.

हे जंतांचं काम. अनवाणी पायातून शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. रक्तातलं लोह संपलं की काही लेकरांना माती, राख, चुना खावासा वाटतो. असल्या लेकराला चटका दिला, तर त्या धक्क्यानं ते जागीच जाईल.

डागणारे गंगारामबुवा विळा हलवत म्हणाले, "देवी टोचायला आलाव, टोचा अन् जावा."

हुकूम सोडला असता तर माझी पाठ फिरताच पोरीला दोनदा डागलं असतं. मी सूर बदलला.

"बुवा, इलाज तुमचाच खरा. लोखंडच पाहिजे. पण दुखणं आत अन् लोखंड बाहेरून?"

"मंग काय इळा गिळायला लावू?"

"पाण्यात विझवा. ते पाणी पाजू."

बुवांनी विचार केला. तेवढ्यात माझे अर्धे केस पिकले. मग तांब्यात चर्र झालं. पाणी निवल्यावर मी पेटीतलं लोहाचं औषध मापून त्यात ओतलं. रोज जेवणानंतर एक चमचा, बुवांच्याच हातानं. जंताचं औषध दुसऱ्या दिवशी निलंग्याहून पाठवलं.

चौथ्या दिवशी किसनराव घोडं फेसाळवत दवाखान्यात. "साब, लेकरू कोळसा हगून राहिलंय! गाव म्हणतंय, डाक्टरनं जहर घातलं!"

लोहानं मळ काळा होतो. साधी गोष्ट, सांगायची राहिली होती. आता औषध बंद, विळा पुन्हा चुलीत! मी तसाच निघालो.

पोचलो तर दारात गर्दी, आणि उंबऱ्यावर बुवा.

"काळं पडलं ते दुखणं हाय! माझ्या इळ्यानं जाळलं! व्हा बाजूला, पानी पाजायचंय."

दोन महिन्यांत भागूच्या पापणीत लाली आली. भिंत लिंपली, ती तशीच राहिली. नाव बुवांचं झालं. पुढं ते पांढरी पडलेली लेकरं स्वतःच माझ्याकडे आणू लागले.

तेव्हापासून लोह देताना मी आधी मळाचा रंग सांगतो. दर गावात बुवा थोडाच भेटतो?