तापी नावाच्या आम्ही सगळ्या

कापसाच्या हंगामात धरणगावात नुसतं बाजारापर्यंत जाऊन आलं, तरी लुगड्याला कापूस चिकटून घरी येतो. किस्स्यांचंही तसंच. मी ते जमवले नाहीत, चिकटत गेले! माझं नाव तापी. लवकर विधवा झाले, शिकले, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि एका खोलीत एकटी राहिले. बोलायला कोणी नसलं, की माणूस किस्सेच घोळवत बसतं.

तेव्हा खानदेशात तापी हे नाव घरटी एक! नदीचं नाव लेकीला दिलं की घर आटत नाही, असं म्हणायचे. मी शिकवायचे त्या वर्गात ‘तापी’ म्हटलं की चौघी उभ्या! हेडबाईंनी मग प्रत्येकीला मूळ गाव जोडलं. पाचोऱ्याची तापी, मेहरूणची तापी, इथलीच तापी. चौथीला विचारलं, "तू कुठली गं?"

"कुठलीच नही, बाई. माय जठे कापूस येचाले जास, तठे आम्ही."

"मग ही वाहती तापी!" हेडबाई म्हणाल्या. वर्ग हसला, तीही हसली. वेचणी संपली आणि एका सोमवारी तिची जागा रिकामी. नाव खरं केलं पोरीनं!

एकदा शाळा तपासायला पुण्याकडचे इन्स्पेक्टर आले. "तापी म्हणजे काय, कोण सांगेल?"

मेहरूणची तापी उठली. "सूर्यनी पोर, साहेब! त्याले सोताचाच ताप सहन व्हयेना, म्हणून जीव थंड कराले त्यानी ही नदी करी."

"शाबास! म्हणजे तुझ्यामुळे तुझ्या वडिलांच्या जिवालाही थंडावा!"

"बाप नही मले. माय शे. ती म्हणस, तू नुसता ताप शे!"

साहेबांनी घाईघाईनं भूगोल काढला.

पुढे फॅशन बदलली. कुमुद, सुधा, उषा अशी नावं आली. आमच्या स्टाफमधल्या गोदूबाईंना मुलगी झाली. मी गमतीनं म्हटलं, "तापी ठेवा!"

"इश्श! तापी काय, भांडी घासणाऱ्या बायकांची नावं ती!" मग जीभ चावून म्हणाल्या, "तुमचं सोडून हो!"

बारशाचं बोलावणं आलं. विधवेला पाळण्यापाशी कोण बोलावणार? ओसरीवर बसून एकटीनं पेढा खाल्ला. पेढा चांगला होता!

पाचोऱ्याची तापी धुळ्याला दिली. लग्नात तिचं नाव बदलून रमा ठेवलं होतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. धुळ्याला गेले तेव्हा तिच्या दारातून हाक मारली, "तापी!"

सासूबाई बाहेर आल्या. "या नावाचं इथं कोणी नाही."

आत एक भांडं पडलं. मग तीच पाणी घेऊन आली. निघाले तेव्हा उंबऱ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, जोरात नको, पण एकदा म्हणा."

आणि करीमभाईंचा टांगा. करीमभाई पांढऱ्या दाढीचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांची घोडी तापीकाठच्या बाजारात घेतलेली, म्हणून तिचं नाव तापी! मला गावात सगळे ‘बाई’ म्हणत. आई गेल्यावर नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. स्टेशनवरून येताना मी टांग्यात मागं, पाठमोरी बसायची. पुढून रस्ताभर आवाज यायचा, "चल तापी! शाबास बेटी!"

एक दिवस कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. करीमभाईंनी कानाला हात लावला. "तौबा, बाई! आम्हाला काय ठाऊक! आजपासून घोडी राणी!"

"चल राणी!" घोडी ढिम्म. "राणी, चल!" शेपूटही हलेना! स्टेशनवरचे हमाल हसायला लागले.

मी म्हटलं, "करीमभाई, जुनंच नाव राहू द्या."

"तुम्हाला राग नाही येत?"

"नाही. बरं वाटतं."

त्यांनी मान डोलावली. मग पुढं वळले. "चल तापी!" आणि घोडी निघाली.

खोलीपाशी टांगा थांबला. करीमभाईंनी लगाम मांडीवर ठेवला आणि घोडीकडे न बघता म्हणाले, "सांभाळून उतर, तापी बेटी. घर आ गया."