दुसरं सिलिंडर

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो. मधल्या काळात तो पाण्याखालीही एकटा जाऊ लागला, तर समजावं की त्याला जोडीदार मिळालेला नाही. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. खात्याखात्याला संचालक मिळाला, संचालकाला दिव्याची गाडी मिळाली. मला मात्र अख्ख्या शहरात दुसरा डायव्हर मिळेना. सरकारी प्रवास-सवलतीवर अंदमानला जाऊन मी डायव्हिंग शिकून आलो होतो. तिथला पहिला नियम होता, एकट्यानं उतरायचं नाही.

तरी सिलतऱ्यापलीकडच्या एका बंद, पाण्यानं भरलेल्या चुनखडी खाणीत उतरायचं ठरवलं. बायकोनं अट घातली.

"घरी गॅसचं दुसरं सिलिंडर ठेवतो का नाही? मंग पाण्यात काहून नाही?"

प्रशिक्षकानं हेच सांगायला अर्धा तास घेतला होता. मी वेगळ्या नळीचं छोटं सिलिंडर मागवलं.

खाणीकाठी तिनं मोठं सिलिंडर माझ्या पाठीवर चढवून दिलं. दोन्ही नळ्यांतून श्वास घेऊन पाहिला आणि उतरलो.

खाली उन्हाचे तिरपे खांब उभे होते. दगडी भिंतीवर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या सरळ रेषा, आणि खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या. उद्घाटन न झालेली इतकी भव्य वास्तू राजधानीत दुसरी नव्हती.

तळाशी प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा जास्त हवा लागते; तिथंच श्वास अडला. आधी अर्धाच आला, मग ओठांशीच थांबला. ओढला की हवेच्या मापकाचा काटा शून्याकडे पडे, सोडला की पुन्हा वर चढे. विचारायला कोणी नव्हतं. तोंडातली नळी काढून छातीवरची, छोट्या सिलिंडरची लावली, तेवढ्या क्षणात कळलं की हवा ही एक वस्तू आहे. मग ती आली. थंड, रबराच्या वासाची, हवी तेवढी.

घाई न करता वर निघालो. पृष्ठभागाखाली नियमानं काही मिनिटं थांबलो. माझेच बुडबुडे चमकत वर जात होते. प्रत्येक बुडबुडा म्हणजे नुकताच मिळालेला एक श्वास. हात जोडावेसे वाटले.

काठावर येऊन बायकोला म्हणालो, "मोठ्यातून हवा येईना."

"काहून? मी तं फक्त बारीक केलं होतं."

"काय बारीक केलं?"

"पाठीमागचा नॉब. पुरा खुला सोडला होता तुम्ही. एकट्या माणसाले इतकी हवा कशाले लागते, जी?"

मोठं सिलिंडर जवळजवळ भरलेलंच होतं.